नूरभाईंनी जोडलेली नवी शेड

"नूरभाई, दोनला नवी लाइन सुरू व्हायचीय. जमतंय, की आजचं रद्द करू?" कारखान्याच्या मॅनेजर विजयश्री मॅडमनी दारातूनच विचारलं.

"जमतंय मॅडम, थोडं थांबा," नूरमोहम्मद म्हणाले. बावीस वर्षं त्यांनी चाकणच्या कारखान्यांत केबल ओढली. राउटरचं काम दापोडीच्या खोलीत मोबाइलवर बघून शिकले. आज इंजिनिअर धनेश तापाने पडला, म्हणून दोन राउटर जोडायचं काम पहिल्यांदा त्यांच्या एकट्याच्या हाती आलं होतं. फसलं तर पुन्हा शिडी नि केबल, हे काय कुणी सांगायला हवं?

जुन्या आणि नव्या शेडचे राउटर एकमेकांना नमस्कार करत होते, पण पुढे गाडं हलेना. रीत तशी सोपी. आधी ओळख होते, मग बोलणं कोण चालवणार ते ठरतं. मग दोघं आपल्याकडच्या वाटांची यादी दाखवतात आणि नसेल ते मागून घेतात. दोघांचा नकाशा तंतोतंत एक झाला की स्क्रीनवर 'फुल' उमटतं. इथे अर्धा तास नुसतं 'एक्सस्टार्ट', म्हणजे यादी सुरू व्हायच्या आधीचीच पायरी.

"नवा राउटर खराब असणार," फोनवर धनेश कण्हत म्हणाला. "सोडून द्या ना राव."

"थांबा साहेब. ओळख होतेय, म्हणजे केबल ठीक आहे. यादीवरच घोडं अडलंय."

बोलता बोलताच त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एका वेळी केवढं गाठोडं पाठवू शकतो, हे राउटर यादीवर लिहितो. समोरच्याला तेवढं झेपणार नसेल, तर तो यादी हातातच घेत नाही. त्यांनी आकडे बघितले. नवा राउटर पंधराशे, जुना नऊ हजार.

"सापडलं साहेब, सापडलं," नूरभाई जवळजवळ उठून उभेच राहिले.

आणि तेवढ्यात आठवलं. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग नीट जावं म्हणून गेल्या दिवाळीत जुन्या राउटरचा तो आकडा त्यांनीच वाढवला होता, कुणाला न विचारता. कॅमेरे पुढे दुसरीकडे हलले, आकडा तसाच राहिला.

त्यांनी जुन्या राउटरवरही पंधराशे टाकलं. एक्सस्टार्ट. एक्सचेंज. लोडिंग. फुल! नव्या शेडची मशिनं स्क्रीनवर एकेक करून हिरवी होत गेली. दोनला सात मिनिटं कमी होती. नूरभाईंच्या अंगावर काटा आला. पोरगी दहावी पास झाली त्या दिवसानंतर असा आनंद आजच.

"भारी काम, नूरभाई," धनेश फोनवरून म्हणाला. "नव्या राउटरची सेटिंग चुकली होती असं लिहा, विषय संपला."

मॅडमनी रिपोर्टचा कागद पुढे केला. पेन क्षणभर अडखळलं. मग नूरभाईंनी लिहिलं, 'जुन्या राउटरचा आकडा मी बदलला होता. नोंद केली नव्हती.'

मॅडमनी वाचलं. "हे लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं."

"पुढचा माणूस इथं दिवसभर डोकं फोडत बसेल, मॅडम."

"सही राहिली."

खाली दोन रकाने होते, हेल्पर आणि टेक्निशियन. नूरभाईंचा हात सवयीने पहिल्याकडे गेला. मॅडमनी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

नूरभाईंनी तिथे सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.