साच्याआधीच घट्ट झालेला गोळा

मित्रांनो, मी रबराचा एक जुना, वाया गेलेला गोळा आहे. उरणजवळच्या एका लहान कारखान्याचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेला. माझ्याशी कोणी बोलत नाही. माझी हकिगत ऐकण्यासारखी आहे की नाही, कोण जाणे.

सुरुवातीला मी मऊ होतो. कारखान्यातल्या हिरामणने दोन रोलरांमध्ये काजळी आणि तेल घालून मला मळले. माझ्यातून बोटींच्या पंपांच्या रिंगा व्हायच्या होत्या. शेवटी पडते पेरॉक्साइडची पांढरी पूड. साच्यातल्या उष्णतेने ती रबराचे धागे एकमेकांना बांधते. उष्णता आधीच लागली, तर ते आधीच बांधले जातात. म्हणून मळून तापलेले रबर पसरून गार करायचे, रोलरांतून थंड पाणी फिरवायचे, मगच पूड घालायची. हिरामण आधी रबराला मनगट लावून पाही.

त्या दिवशी बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा थर बसून रोलरांना थंड पाणी देणारा पाइप तुंबला होता. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठत होती, रिंगांची घाई होती. हिरामणने मनगट लावले. चटका बसला. तरी त्याने पूड घातली.

मी रोलरांवरच आखडलो. साच्यात पसरलोच नाही.

मालक पियूषशेठ पूड तोलणाऱ्या नीराबाईंवर उखडले. "पूड जास्त पडली. उद्यापासून येऊ नका."

"शेट, माझा तोल बरोबर हाय. काट्याला इचारा!"

"काटा बोलतो का?"

"न्हाय ना. आन् ज्याला तोंड हाय तो गप उभा हाय."

हिरामण खाली बघत राहिला. मला सगळे ठाऊक होते, पण सांगणार कसे? नीराबाई डबा उचलून निघाल्या.

"थांब बाय," हिरामण म्हणाला. "शेट, पूड बरोबर व्हती. रबरच गरम व्हता. मला चटका बसला, तरी मी टाकली."

नीराबाईंचे काम राहिले. हिरामणला मात्र रोलरांवरून काढून कोपऱ्यात रिंगांच्या कडा कापायला बसवले. बरेच दिवस तो एकटाच जेवला. मग एका दुपारी नीराबाई डबा घेऊन त्याच्याशेजारी बसल्या. "सरक जरा," एवढेच म्हणाल्या.

मी दारातून पाहत होतो. मला वितळवून पुन्हा मऊ करता येत नाही.

मित्रांनो, कितीही घाई असो, गार व्हायला वेळ द्या. आणि चुकलात, तर समोरचा दाराबाहेर पडण्याआधी बोला. मला ते कधीच जमणार नाही.