कोमट साचा

प्लास्टर पाण्यात कालवलं की त्याच्यावर ओली चकाकी दिसते. थोड्या वेळाने ती चकाकी कडेपासून जायला लागते, कुणी वरून कोरडा हात फिरवावा तशी. ती पूर्ण गेली की मगच प्लास्टर तापतं. तापतं म्हणजे भाजत नाही. ताप उतरत आलेल्या मुलाच्या कपाळाइतकंच. नंतर ते निवतं, आणि तोवर त्याचा दगड झालेला असतो.

हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे, कारण आई दात बनवते. दातांचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांचे ठसे पाठवतात. आई त्यांत प्लास्टर ओतून साचे काढते, साच्यावर गुलाबी मेण चढवते आणि मेणात एकेक दात बसवते. आमच्या पुढच्या खोलीत तिचं टेबल आहे, स्पिरिटचा दिवा आहे आणि भिंतभर फळ्यांवर दुसऱ्यांचे जबडे ओळीने मांडलेले आहेत. नवीन माणूस दारातच थबकतो. "या, या, चावत नाहीत ते," आई म्हणते आणि त्याच्याआधी स्वतःच हसते.

टेबलाशी तिच्या शेजारी मी बसायची. धाकटी बहीण लांब स्टुलावर बसून पाय हलवत बडबडायची. पांढऱ्या धुळीने तिला शिंकांवर शिंका येत, म्हणून तिला कशाला हात लावायची मनाई होती. तोंडाला मनाई नव्हती.

पुढे मी रसायनशास्त्र घेतलं आणि तिने साहित्य. आमच्या कॉलेजात विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एक विषय बाहेरचा घ्यावाच लागतो. मी लेखनाचा वर्ग घेतला, कारण त्याचा तास माझ्या कुठल्याच प्रॅक्टिकलला आडवा येत नव्हता. दुसरं काही कारण नव्हतं, निदान तेव्हा तरी मला तसं वाटत होतं. वर्गात शिरले तर धाकटी आधीच मधल्या बाकावर ऐसपैस बसलेली.

"ताई, तू? अगं, इथे काही उकळत नाही हं!"

सगळे हसले. तिला ओळखत नव्हते तेही हसले.

शिकवणाऱ्या मॅडम पूर्वी एका वर्तमानपत्रात संपादन करायच्या. बोलायच्या कमी, आणि हातात कायम बोथट पेन्सिल. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरातला एक प्रसंग लिहून आणायला सांगितलं. आजोबा गेले त्या दिवसाबद्दल मी लिहिलं. "सकाळी दार उघडण्यात आले. नातेवाइकांना आत घेण्यात आले. चहा देण्यात आला. थोड्या वेळाने रडण्यात आले."

कागद परत आला तेव्हा प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने एकच शब्द होता : कोणी?

"प्रयोग असाच लिहितात, मॅडम," मी म्हटलं. "द्रावण घेण्यात आले, ढवळण्यात आले. ते कोणी ढवळलं याला तिथे महत्त्व नसतं."

"इथे त्यालाच असतं," मॅडम म्हणाल्या. "रडलं कोण? चमचा?"

मागच्या बाकावरच्या एका उंच मुलाने त्या दिवशी माझं नाव बुरेट ठेवलं. बुरेट म्हणजे खाली तोटी असलेली काचेची नळी, तिच्यातून द्रव थेंबाथेंबाने सोडतात. "ही वाक्यं तशीच सोडते," तो म्हणाला. "एक थेंब जास्त पडला तर अख्खा प्रयोग फुकट!" नाव चिकटलं. धाकटी घरीसुद्धा म्हणायला लागली.

मग तिची वाचायची पाळी आली. तिच्या गोष्टीचं नाव होतं 'चावत नाहीत'.

"आमच्या घरात जेवणारी माणसं तीन आणि दात शेकड्यांनी," अशी सुरुवात. वर्ग पहिल्याच वाक्याला तिच्या ताब्यात गेला. फळीवरचे जबडे आले, आईचा विनोद आला, एका गिऱ्हाइकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या डब्यात गेला तो गोंधळ आला. मी मान खाली घालून ऐकत होते. सगळं माझ्या ओळखीचं होतं, आणि यातलं काहीही इतकं बघण्यासारखं आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. शेवटी ती आवाज उतरवून म्हणाली : "आईने आजोबांच्या दातांचा साचा माझ्या तळहातावर ठेवला. तो थंडगार होता, निरोप न घेता गेलेल्या माणसासारखा."

उंच मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली.

हेवा शरीरात नेमका कुठे असतो ते मला तेव्हा समजलं. घशाच्या खाली आणि छातीच्या वर, पाण्याशिवाय घेतलेली गोळी अडकते तिथे. कारण तो तळहात माझा होता. आजोबा गेल्यावर त्यांचा जुना ठसा आईला कपाटात सापडला. तिने काही न बोलता प्लास्टर कालवलं, ओतलं, आणि घट्ट झाल्याझाल्या साचा सोडवून माझ्या हातात दिला. धाकटी स्टुलावर होती. नाकाला रुमाल लावून.

आणि साचा थंडगार नव्हता.

ही चूक फक्त तीच करू शकत होती. अनोळखी माणसाने विचारून लिहिलं असतं. तिने इतक्या वर्षांत इतके साचे पाहिले होते की विचारायची गरजच वाटली नाही. आणि हातात एकही घेतला नव्हता. मी ती चूक कुणाला सांगितली नाही. जपून ठेवली. तिचं कौतुक झालं की मी मनात म्हणायची, थंडगार म्हणे.

पुढच्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं की वर्षभराच्या पूर्णवेळ लेखनवर्गात आमच्या गटातून एकाला जागा मिळणार आहे. ज्याला हवी त्याने अर्ज करायचा आणि सोबत एक गोष्ट जोडायची. सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या. माझीही वळली, म्हणजे मला वळवावी लागली. मला ती जागा हवी होती. ती इतक्या सरळपणे हवी होती की माझी मलाच लाज वाटली. माझ्या कागदांवर अजून 'कोणी?' सोडून दुसरा शेरा आला नव्हता.

घरी धाकटीने बातमी सांगितली तेव्हा आई दात घासून घेत होती, म्हणजे दुसऱ्याचे, बारीक कानशीने. "तुलाच मिळणार," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "आणि तू आहेसच मला इथे. तुझी ती पदवी झाली की टेबल तुझं." मी मान हलवली. ते हो होतं की नाही, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यानंतर रोज सकाळी मी ठरवायची, आज बोलायचं. दुपारी वाटायचं, आधी एक तरी गोष्ट धड लिहिता येऊ दे.

धाकटीने सुधारलेली गोष्ट वर्गात पुन्हा वाचली. तोच साचा, तोच तळहात. ती थांबली आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"थंड नसतो तो."

"काय?" धाकटी म्हणाली.

"साचा. घट्ट होताना प्लास्टर तापतं. थंडगार लिहिलंयस ते चूक आहे."

शब्द साधे होते, पण आवाज कसा होता ते सगळ्यांना कळलं. मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

इथे 'माझ्या' एवढा एकच शब्द पुरे होता. तो माझ्या जिभेवर आला आणि मी तो गिळला. "उष्मादायी अभिक्रिया असते," मी म्हटलं.

"बुरेट!" मागून आवाज आला आणि हशा पिकला.

धाकटी हसली नाही. ती कागदाकडे बघत होती, ओठ हलवत होती. मग पेनाने एक ओळ खोडली आणि वर दुसरी लिहिली. "हे बघा, हे कसं वाटतं?" तिने वाचलं : "साचा कोमट होता. माणूस निघून गेलाय हे त्या दातांना अजून कळलं नव्हतं."

"हां!" मॅडम म्हणाल्या. एवढंच. पण तो 'हां' मी अख्ख्या सत्रात दुसऱ्या कुणासाठी ऐकला नव्हता.

जी चूक मी इतके दिवस दाताखाली धरून ठेवली होती, ती तिने घेतली आणि तिची सगळ्यात चांगली ओळ केली. तेही अर्ध्या मिनिटात, उभ्याउभ्या. जाताना तिने माझा दंड दाबला. "थँक्यू गं ताई. तू नसतीस तर तसंच दिलं असतं मी." ती हे मनापासून म्हणत होती. ते जास्त झोंबलं.

त्या शनिवारी प्रॅक्टिकल लवकर संपलं. रिकाम्या प्रयोगशाळेत, धुऊन पालथ्या घातलेल्या चंचुपात्रांसमोर मी लिहायला बसले. "साचा तळहातावर ठेवण्यात आला." खोडलं. "साचा हाती आला." हेही पळ काढणंच होतं. मग लिहिलं, "आईने साचा माझ्या हातात दिला." लिहून झाल्यावर मी दाराकडे बघितलं, कुणी आलं तर नाही ना म्हणून. काही चोरून केल्यासारखं वाटत होतं.

एकदा 'माझ्या' लिहिल्यावर पुढचं थांबेना. आजोबांबद्दल फार थोडं आलं. आलं ते टेबलाबद्दल. मी मेण तापवते आहे, माझी बोटं पोळताहेत, आणि स्टुलावरून कुणीतरी शाळेतल्या बाईंची नक्कल करतंय. आई कानस खाली ठेवून हसते आहे. ती माझ्याशी कामाचं बोलते. हसते मात्र स्टुलाकडे बघून. मेणाला तडा जाऊ नये म्हणून मला मानही वर करता येत नाही. मी लिहिलं : "मी हात भाजून घेत होते आणि ती माझ्या आईला हसवत होती. मला वाटायचं, दोघींपैकी एकीला शिंका यायच्याच होत्या तर मला का नाही आल्या."

मॅडमनी कागद परत दिला तेव्हा समासात काहीच नव्हतं. मी दोनदा उलटून बघितला.

"वाचा वर्गात," त्या म्हणाल्या.

"बहीण असते, मॅडम."

"ते मला माहीत आहे."

मी वाचलं. थेंबाथेंबानेच आलं सगळं. पण कुणी बुरेट म्हणालं नाही. मॅडमनी 'हां' म्हटलं नाही, त्या म्हणाल्या, "शेवटचा परिच्छेद काढा, तो भीतीपोटी लिहिलाय." शेवटच्या परिच्छेदात मी म्हटलं होतं की आता तसं काही वाटत नाही.

घरी जाताना धाकटी पुलापर्यंत गप्प होती. हे पूर्वी कधी घडल्याचं मला आठवत नाही. पुलाच्या चढावर ती म्हणाली, "तो हात तुझा होता?"

"हो."

"शप्पथ?"

"तुला कोण जाऊ देणार होतं प्लास्टरपाशी? अर्ध्या गल्लीला ऐकू जायच्या शिंका तुझ्या."

"पण मला आठवतंय गं. त्याचं वजनसुद्धा आठवतंय."

"वजन मी सांगितलं होतं तुला. त्याच दिवशी, अंथरुणात."

ती थांबली. "मग आता काय करू? परत देऊ?"

"ओळ तुझी आहे. मला नसती सुचली."

"चांगली आहे ना पण?"

"फार चांगली आहे. तोच तर त्रास आहे."

"म्हणजे तू जळतेस माझ्यावर."

"हो."

"कधीपासून?"

"तू बोलायला लागलीस तेव्हापासून."

तिला हसू आलं, मग ते अर्ध्यावर राहिलं. "आणि मी? आई तुला जबडे देते हातात, मला रुमाल देते. मला वाटायचं, तुम्हा दोघींचं काहीतरी गुपित चाललंय आणि मी आपली बाहेरचा रेडिओ."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तीही जळत होती म्हणून माझं जळणं काही निम्मं झालं नाही. एवढंच कळलं, की तिची गोष्ट अजूनही माझ्या गोष्टीपेक्षा चांगली होती आणि तरी मला माझीच पाठवायची होती.

घरी आई हात धूत होती. पांढरं पाणी बेसिनमधून जात होतं. "आलात? उद्या शेवटची तारीख ना? हे बघ," ती मला म्हणाली, "हिचा अर्ज तू लिही बाई. तुझं अक्षर सुबक आहे. हिचं म्हणजे कोंबडीने खरडल्यासारखं."

"आई!" धाकटी म्हणाली, पण ती आईकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. तिने खुर्ची ओढली आणि बसली, आणि मला मदत होईल असं काहीही केलं नाही. तिच्या जागी मीही केलं नसतं.

"आणि उद्यापासून जरा लवकर ये गं," आई टॉवेलला हात पुसत म्हणाली. "दोन पूर्ण जबडे आलेत. ही एकदा तिकडे गेली की सगळं आपल्या दोघींवरच आहे."

"आई," मी म्हटलं.

"काय?"

"हिचा अर्ज हिलाच लिहू दे. मी माझा लिहिणार आहे. तीच जागा मलाही हवी आहे."