पिवळा केलेला डोंगर

"लाल रंग जरा कमी कर. डोंगराचा एवढा भाग पिवळा दाखवला तरी चालेल," यशोधन सर म्हणाले.

वल्लरीने स्क्रीनवरून मान वर केली. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या त्यांच्या कार्यालयात ती जमिनीचे नकाशे करायची. चढ कुठे, सपाटी कुठे, गवत कुठे, शेती कुठे, हे सगळं एकत्र मांडलं की पावसात माती कुठून वाहून जाणार ते कळतं. सुरगाण्याकडचा हा डोंगर तिने स्वतः पायी फिरून पाहिला होता. उभा उतार, पातळ माती आणि तिला धरून ठेवणारं गवत. म्हणून लाल.

"सर, पिवळा म्हणजे धोका मध्यम. उद्या तिथे जेसीबी चढेल!"

"प्लॉटवाल्यांना तिथे फार्महाऊसचे प्लॉट पाडायचेत. परवानगी अडलीय. अगं, नकाशाच तर आहे!"

"नकाशाच?" वल्लरी ताडकन उठली. "आधी माझ्याबरोबर सुरगाण्याला चला. त्यानंतरही पिवळाच हवा असेल, तर दुसरं कुणी शोधा. मी करणार नाही!"

सर चिडले, पण गेले.

वल्लरीने गाडी त्या डोंगराच्या शेजारच्याच डोंगराखाली थांबवली. वर प्लॉटसाठी डोंगर उभा कापलेला. खाली भाताच्या खाचरांत मुरूम आणि दगड. लंकाबाई गावित मुलांना घेऊन दगड वेचत होत्या.

"प्लॉट बघाया आले का?" त्यांनी तुटकपणे विचारलं.

"नाही मावशी. आम्ही नकाशे करतो."

"मंग दाखवा ना नकाशात, माझं खाचर कुठं हाय!" लंकाबाई कडाडल्या. "वरचं गवत खरवडलं त्यांनी. पाऊस लागला न् डोंगर माझ्या भातावर आला. आता पोरं निफाडला जातील, लोकांच्या द्राक्षबागा राखाया!"

यशोधन सरांना राहवेना. "असल्या उतारावर परवानगी मिळालीच कशी? कोणत्या मूर्खाने हा डोंगर सुरक्षित दाखवला?"

"आपणच पिवळा दाखवला, सर. गेल्या वर्षी, मी नोकरीला लागायच्या आधी. सही तुमची आहे."

"मला... उपग्रहाच्या चित्रात तसं वाटलं..."

"तुम्ही इथे आलाच नव्हता!"

लंकाबाईंच्या हातातला दगड गळून पडला. "म्हंजे तुमीच?"

यशोधन सरांची मान खाली गेली. "हो. मीच."

नाशिकला परतल्यावर त्यांनी नकाशा लालच पाठवला. प्लॉटवाल्यांनी फोनवर आरडाओरडा केला, पुढची कामं काढून घेतली. सरांनी जुना नकाशा चुकीचा असल्याचं सरकारदरबारी लेखी कळवलं. कापलेल्या डोंगरावरचं उरलेलं काम थांबलं आणि वल्लरीने लाल दाखवलेला डोंगर वाचला.

लंकाबाईंचं खाचर मात्र वाचलं नाही. त्यांची मुलं त्या वर्षी निफाडला गेलीच. वीतभर माती तयार व्हायला कित्येक पिढ्या जातात, आणि ती घालवायला एक खोटा रंग पुरला!

वाचकहो, कागदावर उतार कमी केला म्हणून पाणी हळू वाहत नाही. तुम्ही नकाशा करत असाल, तर आधी त्या जमिनीवर पाय ठेवा. सही करत असाल, तर आधी डोळ्यांनी पाहा. आणि डोंगरावर हौसेने प्लॉट घेत असाल, तर खाली कुणाचं शेत आहे, हे एकदा तरी विचारा!