बारा फोडींचं संत्रं

पुष्पांजली मोहोकारांचा व्हिडिओ चौथ्यांदा परत आला, तेव्हा त्या शाळेच्या ओट्यावर डबा खात बसल्या होत्या. मोबाइल वाजला, पोर्टलची लाल पट्टी दिसली आणि बाईंनी हातातला घास तसाच डब्यात ठेवला.

सोनाळ्याजवळच्या त्या दोनशिक्षकी शाळेत बाई अकरा वर्षं चौथीला शिकवत होत्या. प्रत्येक शिक्षकाने एक व्हिडिओ धडा तयार करून पोर्टलवर टाकावा, म्हणजे तो सगळ्या शाळांना वापरता येईल, असा आदेश दिवाळीनंतर आला होता. बाईंना ही कल्पना मनापासून आवडली, तिथेच त्यांचं चुकलं. बाकीच्यांनी पुस्तकातल्या चित्रांवर आपला आवाज चढवला आणि हात झटकले. बाईंनी मात्र अपूर्णांक घेतले. दरवर्षी पोरं तिथेच अडायची. आठ चाराहून मोठे, मग एक अष्टमांश एक चतुर्थांशाहून मोठा का नाही, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरत नसे.

बाईंनी गावातल्या किसनरावांच्या बागेतून टोपलीभर संत्री आणली. सारख्या आकाराची दोन निवडून सोलली. एकात दहा फोडी निघाल्या, दुसऱ्यात बारा.

"कोणत्या संत्र्याची फोड मोठी?"

"बारावाल्याची!" सगळा वर्ग ओरडला.

किसनरावांची नात सुचिता तेवढी ओरडली नाही. तिने दोन्हींतली एकेक फोड तळहातावर शेजारीशेजारी ठेवली, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "खानारे वाढले का वाटा लायना येते न, बाई!"

पोरांनी माना लांबवून तिचा तळहात पाहिला. मग मागून कोणीतरी म्हणालं, "हाव न बे!" अकरा वर्षांत बाईंना जे वाक्य सुचलं नव्हतं, ते त्या पोरीने एका दमात सांगितलं होतं. आणि मोबाइलवर चित्रण चालू होतं.

पहिल्यांदा व्हिडिओ परत आला, कारण तो सात मिनिटांचा होता आणि मर्यादा पाचाची. दुसऱ्यांदा फाइल जड म्हणून. ती हलकी करण्यात बाईंचे दोन रविवार गेले, आणि गावात नेट टिकत नाही म्हणून ती चढवायला त्यांना सोनाळ्याच्या बसस्टँडवर जाऊन बसावं लागलं. तिसऱ्यांदा मागचा आवाज. शाळेला लागून पिठाची चक्की आहे, तिला बाई काय करणार? तरी त्यांनी खटपट करून तोही आवाज जमेल तेवढा कमी केला.

आणि आता हे: 'दोन मिनिटे चाळीस सेकंद. विद्यार्थिनीची भाषा अप्रमाण. वाक्य वगळावे अथवा पुन्हा ध्वनिमुद्रण करावे.' खाली नाव नव्हतं. नुसतंच 'परीक्षक क्रमांक सात'.

मुख्याध्यापक गजेंद्र सर वैतागले होते. "काऊन एवढा जीव जाळता मॅडम? कापा ते वाक्य अन् मोकळ्या व्हा. आपल्या शाळेचं काम शंभर टक्के दिसाले पाह्यजे, ते तुमच्यापायी अडकून राह्यलं."

बाईंनी सुचिताला बोलावलं. वाक्य कागदावर लिहून दिलं आणि मोबाइल चालू केला. पोरगी हात खाली सोडून उभी राहिली आणि म्हणाली, "खाणारे वाढले, की प्रत्येकाच्या वाट्याला लहान भाग येतो." एकही चूक नाही. जीवही नाही.

मग तिने विचारलं, "बाई, पहिले मी चुकली होती का?"

"नाही गं."

"मंग दुसऱ्यांदा काऊन बोलाले लावलं?"

बाईंनी तिच्यासमोरच ते नवं चित्रण पुसून टाकलं. आणि डोक्यात राग होता तोवरच जुना व्हिडिओ तालुक्याच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला.

तीन दिवसांत तो कुठल्याकुठे गेला. शेगावहून एका शिक्षिकेचा फोन आला, की तिच्या वर्गात पोरांनी तो चारदा लावायला लावला. बाई खूश झाल्या, आणि चौथ्या दिवशी नोटीस आली. अमान्य साहित्य पोर्टलबाहेर प्रसारित केल्याबद्दल सोमवारी संग्रामपूरला तालुक्याच्या कार्यालयात हजर राहून खुलासा द्यावा.

विस्तार अधिकारी भागवत साहेब कागदांतून मान वर न काढता म्हणाले, "मॅडम, माझ्या हातात काही नाही. परीक्षक कोण आहेत, हे मलाही माहीत नाही."

"मग आम्ही सांगायचं कोणाला?"

"पोर्टलवर तक्रारीचा रकाना आहे."

"आहे ना! त्यात मराठी उमटत नाही!" बाईंचा आवाज चढला आणि त्याबरोबर कार्यालयीन भाषाही सुटली. "सायेब, तुमी तो व्हिडिओ पाह्यला का? नाही न? मंग पहिले पाहा, अन् मंग मले समज द्या."

त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. साहेबांनी नाइलाजाने पाहायला सुरुवात केली. दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर ते थांबले, मागे गेले, पुन्हा ऐकलं.

"हाव, खरं हाय," ते नकळत बोलून गेले. मग खाकरले. "असं करा. त्या वाक्याखाली प्रमाण भाषेत अर्थ लिहा. आणि फॉर्ममध्ये शेवटी 'बोलीभाषेचा वापर' असा चौकोन आहे, त्यात खूण करा. मग भाषेवरून परत येत नाही."

बाई बघतच राहिल्या. "असा चौकोन आहे? आणि हे चारदा परत पाठवणाऱ्याला सांगता आलं नाही?"

"ते सांगायला त्याला रकाना नाही," साहेब म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. नोटिशीवर त्यांनी 'समज दिली' असं लिहून सही केली.

बाईंनी अर्थ लिहिला, खूण केली आणि व्हिडिओ पुन्हा चढवला. नऊ दिवसांनी हिरवी पट्टी आली. चक्कीची उरलेली घरघर तशीच होती, तिच्याबद्दल या वेळी कोणी अवाक्षर काढलं नाही.

मधल्या सुट्टीत सुचिता मोबाइलवर वाकली. "माह्या बोलन्याखाली हे काय लिवलं?"

"तू बोललीस तेच. दुसरीकडच्या पोरांसाठी."

"त्यायले समजत नाही?"

"समजतं. जरा उशिरा समजतं."

पोरगी मान हलवून खेळायला पळाली. तेवढ्यात गजेंद्र सर हातात कागद फडकवत आले. "अभिनंदन मॅडम! तुमचा पास झाला म्हनून आता तालुक्यातून तुमचंच नाव गेलं. भागाकार, गुणाकार, वजाबाकी. महिनाअखेर तीन व्हिडिओ."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग उठल्या आणि आधी चक्कीवाल्याकडे गेल्या, चक्की दुपारी कधी बंद असते ते विचारायला.