बाबांना अडवायचा हक्क

बाबा पलीकडे घानात, शेंगदाण्याच्या बाजारात वारले. मी, त्यांची मुलगी रामाता, त्यांना तीनचाकीवर घालून घरी निघाले. आईच्या कबरीशेजारी खड्डा खणून तयार होता, सूर्य मावळायच्या आत माती द्यायची होती. आणि आमच्याच देशाच्या नाक्यावर नव्या कॅप्टनने आडवा दांडा खाली केला.

"मयत आणायला परवाना लागतो. आपला देश शेजारी देशांच्या संघातून बाहेर पडलाय. आता नियम वेगळे."

"साहेब, हा माणूस जन्मभर याच रस्त्याने शेंगदाणे नेत आला. ओळखपत्र दाखवायचा, पुढे जायचा."

"तेव्हा तो जिवंत होता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संघ सोडला राजधानीतल्यांनी, आणि उन्हात ताटकळायचं माझ्या मेलेल्या बापाने! परवाना मिळणार तालुक्याला, तोही उद्या.

मी नाक्याजवळच्या गावात कापुरीला फोन लावला. कापुरी गुरुन्सी जमातीची, आम्ही बिस्सा. वाडवडिलांपासून आमचं थट्टेचं नातं. ते आम्हाला शेंगदाणेखाऊ म्हणणार, आम्ही त्यांना कुत्रेखाऊ, दोघंही एकमेकांना गुलाम, आणि रागवायचं कुणीच नाही. आमच्यातलं कुणी गेलं की गुरुन्सी मेलेल्याची नक्कल करतात, वाट अडवतात. हातावर काही पडल्याशिवाय मयत पुढे जाऊ देत नाहीत.

कापुरी चार बायका घेऊन आली. डोक्यावर बाबांसारखी टोपी, चालणंही बाबांसारखं लंगडं. ती सरळ कॅप्टनच्या खुर्चीत बसली आणि बाबांच्या घोगऱ्या आवाजात ओरडली, "ए पोरा, शेंगदाणे आण! मेलो म्हणून उपाशी ठेवतोस काय?"

रडता रडता मला हसू फुटलं.

"ऊठ म्हातारे!" कॅप्टन गरजला.

"तूच बाजूला हो. हा मेलेला लासाने बाँसे आमचा गुलाम. त्याची वाट अडवायचा हक्क फक्त आमचा. तू त्याचा कोण लागतोस?"

"मी सरकार आहे!"

"मग लोळ आमच्याबरोबर धुळीत, बडव ऊर. नातं सांगायचं तर पुरतं सांग!"

बाकीच्या बायकांनी दांड्याखाली आडवं पडून गळा काढला. मागे ट्रकांची रांग लागली, ड्रायव्हर उतरून मजा बघू लागले.

"झिबारे, उचल यांना!"

झिबारे शिपाई निघाला गुरुन्सी. त्याने टोपी काढली आणि बायकांशेजारी बसकण मारली. "माफ करा साहेब, यात माझाही वाटा आहे."

मी बाबांचं न विकलेलं पोतं सोडलं. एकेकीच्या ओंजळीत शेंगदाणे घातले, झिबारेच्याही. मग एक मूठ कॅप्टनपुढे धरली.

"घ्या. घेतलेत तर तुम्ही नात्यातले झालात, वाट सोडावी लागेल. नाही घेतलेत तर अडवायचा हक्कच नाही तुम्हाला."

त्याचा हात थोडा पुढे आला आणि रिकामाच खिशात गेला. कापुरीने एक शेंगदाणा तोंडात टाकला. "आमचं भागलं. झिबारे, उघड."

झिबारेने दांडा वर केला.

"मी वर कळवीन!"

"कळव. शेंगदाणेखाऊ घरी गेला म्हणावं."

उजेड होता तोवर आम्ही बाबांना माती दिली. सगळे निघाले तरी कापुरी हलेना. तिने डोक्यावरची टोपी काढली आणि हुंदका दिला, "मेला हा शेंगदाणेखाऊ. आता मी शिव्या कुणाला देऊ गं?"

"मला दे," मी म्हटलं. "उद्या उरलेलं पोतं घेऊन त्याच नाक्यावरून जायचंय मला."