चौथं बटण

“आई, हा कुठून आला?”

सान्वीने काळं कापड पलंगावर पसरलं होतं. मी बटणांच्या डब्याचं झाकण लावत होते. तासाभरात तिला कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचं होतं. बाहेरून मॅडम येणार होत्या. त्यांना पटलं, तर सुट्टीत दोन महिने पुण्याच्या संशोधन संस्थेत काम मिळणार होतं.

“कोण आला?”

“हा ग्रह. मी पाच दिलेले. इथे सहा आहेत.”

काज-बटण करण्यात माझी बावीस वर्षं गेली. कोपरीतल्या दोन शिंप्यांचं काम घरी आणते. म्हणून सान्वीने एका लांबच्या ताऱ्याचे ग्रह कापडावर लावायला मलाच दिले. त्यासाठी तिने कल्याणहून पांढरी बटणं आणली, सगळी एका मापाची. तीच सांगत होती, पुष्कळ ताऱ्यांकडे एका घरातले ग्रह वजनाने साधारण सारखे असतात, आणि बाहेर जाऊ तसं दोघांमधलं अंतर ठरावीक पटीने वाढतं. आपली सूर्यमाला तशी नाही; बुध केवढा, गुरू केवढा. मी म्हटलं, आपलं उरल्यासुरल्या बटणांवर भागवलेलं दिसतंय. ती खूप हसली. आठवीत शाळा सुटलेल्या बाईला लेक असलं काही समजावून सांगते, याचंच मला अप्रूप.

तिने खडूने खुणा करून दिल्या होत्या. तिसऱ्या खुणेनंतर अंतर एकदम मोठं होतं. शिंप्याचा खडू नुसत्या हातानेही पुसला जातो. मला वाटलं, एक खूण गेली. टेप लावली, आधीची अंतरं बघून जागा काढली आणि काळ्या दोऱ्याने बटण लावून टाकलं.

“अगं, तिथे कोणाला काही सापडलेलंच नाही,” सान्वी म्हणाली. “विचारायचंस ना.”

“तू क्लासला गेलेलीस.”

“मॅडमना वाटेल, मी मनाने ग्रह घातला. संपलं मग.”

मी ब्लेडने टाके उसवले. इस्त्री फिरवली. तरी सुईची भोकं दिसतच होती.

“चल तू पण,” ती चपला घालताना म्हणाली. “कापड धरायला कोणीतरी लागेल.”

कॉलेजात मॅडमनी चष्मा वर केला आणि पहिलं बोट त्या भोकांवरच ठेवलं. “इथे काय होतं?”

कापडच तसं मिळालं, असं सान्वी म्हणू शकली असती. मी माझ्या चपलांकडे बघत होते.

“माझ्या आईने बटण लावलेलं, मॅडम. ती काज-बटण करते. तिला वाटलं, माझी खूण पुसली गेली. पुरावा नाही म्हणून मी ते काढायला लावलं.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “जागा कशी ठरवलीत, ताई?”

मी पर्समधून टेप काढली आणि दाखवलं. त्या वाकून बघत राहिल्या.

“असं अंतर दिसलं की आम्हालाही आधी हेच वाटतं. मग वर्षानुवर्षं शोधायचं. कधी सापडतं, कधी ती जागा खरंच रिकामी असते. काढलंत ते बरोबर केलंत.” मग सान्वीला म्हणाल्या, “भोकं बुजवू नकोस.”

परतताना रिक्षात मी पोरीचा हात धरून बसले. आभार मानायची आमच्या घरात पद्धत नाही.

सान्वी आता पुण्यात आहे. काल शेजारच्या आवडाबाई बटण तुटलेला गाऊन घेऊन आल्या. माझ्या डब्यात बोट फिरवत म्हणाल्या, “हे पांढरं एकटंच पडलंय, हे लाव की.”

“ते सोडून कुठलंही घ्या,” मी म्हटलं.

त्यात अजून काळा दोरा अडकलेला आहे.