शेवटच्या पानावरचा कोपरा

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरचा कोपरा वर्षानुवर्षं मास्तरांचा होता. मास्तर म्हणजे तिथले जुने व्यंगचित्रकार. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. दुसऱ्याच्या चुका काढायची हौस दांडगी, म्हणून हे नाव पडलेलं. मग एक नवा चित्रकार आला आणि संपादकांनी कोपरा ‘थोडे दिवस’ त्याला दिला.

या नव्या चित्रकाराने मालिका काढली ती नादिष्ट संग्राहकांवर. काड्यापेट्या जमवणारा गृहस्थ वीज गेली तरी बायकोला एक काडी देत नाही. बाटल्यांची झाकणं जमवणारा मेजवानीत टेबलाखाली रांगतो. लोक पोट धरून हसायचे आणि इकडे मास्तरांचा नुसता जळफळाट.

“याला नाक काढता येत नाही,” ते बायकोला ऐकवायचे. “सगळ्यांना एकच नाक. बटाटा!”

हे संपादकांच्या गळी उतरवलं की कोपरा परत आपला, अशी त्यांची खात्री. पण पुरावा हवा. म्हणून मास्तर नव्याची चित्रं कापून ठेवू लागले. आधी कात्रीने भराभर. मग पट्टी लावून, कडा सरळ. मग प्रत्येकाला प्लास्टिकचं पाकीट, आणि पाकिटांची फाइल. एकदा तिकिटं जमवणाऱ्याचं चित्र सापडेना, तर मास्तरांना घास गोड लागेना. शेवटी ते स्वयंपाकघरात डब्यांखाली निघालं.

“अगं, हे फळीवर अंथरलंस?”

“मला काय ठाऊक त्याचं आहे ते! मी तुमचं समजून अंथरलं.”

मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते कापसाने तेलाचा डाग टिपत होते.

फाइल जाडजूड झाली तशी ती त्यांनी संपादकांपुढे ठेवली. “नाकं बघा.”

संपादक पानं उलटत गेले. हसता हसता त्यांचा चष्मा घसरला. “कसली नाकं, मास्तर? अहो, याचं पुस्तक काढायचंय आणि त्या पठ्ठ्याने स्वतःचं एक चित्र जपलं नाही. तुम्ही तर घबाड आणलंत!”

“फाइल परत मिळेल ना?” मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर त्यांनाच लाज वाटली.

“मिळेल की. कोपरा मात्र आता त्यालाच राहू दे. वाईट वाटून घेऊ नका, तुमचंही पुस्तक काढू. तुमची चित्रं आणा.”

मास्तर घरी आले ते तडक स्वयंपाकघरात. चपला पायात तशाच. साखरेचा डबा उतरवला, डाळीचा उतरवला, फळीवरचा कागद उचलून दिव्याखाली धरला. हवामान आणि टायरची जाहिरात. दुसऱ्या फळीवरही तेच.

“काय शोधताय?” बायकोने विचारलं.

“माझं एखादं चित्र.”

“अहो, तुमचं छापून येऊन किती दिवस झाले,” ती डबे परत लावत म्हणाली. “अंथरलेले कागद तेवढे टिकतात का?”